माझी पिवळी काच

मित्रांनो, हसू नका, पण मी एक जुना प्रिंटर आहे आणि उभ्या आयुष्यात एकही कागद छापलेला नाही. मी छापायचो जेल. म्हणजे पाणी पिऊन फुगलेला, धड पातळ नाही धड घट्ट नाही, असा लिबलिबीत पदार्थ. तो सिरिंजमध्ये भरायचा, मागून हवेचा दाब द्यायचा, की मी सुईतून त्याची बारीक दोरी सोडत, थरावर थर रचत, जखमेवर लावायचा तुकडा तयार करायचो. त्याने भाजलेल्या जागेला ओलावा मिळतो आणि नव्या कातडीला धरायला आधार.

हे जेल मोठं नखरेल. उजेड दिसला की घट्ट होऊन बसतं. तुकडा छापून झाला की मी त्याच्यावर निळा दिवा टाकायचो, तेव्हा त्याने घट्ट व्हायचं, त्याआधी नाही. म्हणून माझ्या तोंडावर पिवळी काच. नको तो उजेड ती बाहेरच अडवायची.

मला या प्रयोगशाळेत आणलं तेव्हा माझा पंप इतका आवाज करायचा, की ताईने माझं नाव गुरगुऱ्या ठेवलं. ताई म्हणजे इथली संशोधक. सगळे तिला ताईच म्हणतात, तिच्याहून मोठे चहावाले काकासुद्धा. माझे सुरुवातीचे तुकडे म्हणजे निव्वळ शेंबूड. हा शब्द माझा नाही, ताईच्या वरच्या साहेबांचा. त्यातला एक टेबलावरून ओघळून साहेबांच्या चपलेत शिरला, आणि ते दिवसभर पचक पचक करत हिंडले.

ताईने हात टेकले नाहीत. सुया बदलायची, जेल कधी कोमट करायची, कधी गार. आसपास कुणी नसलं की माझ्याशी बोलायची. एकदा म्हणाली, "गुरगुऱ्या, माणसाच्या जखमेवर पहिला तुकडा लागेल ना, तो तूच काढायचास. शब्द देते तुला."

मित्रांनो, यंत्राला शब्द देऊ नये. आम्ही तो धरून बसतो.

मग माझे तुकडे जमू लागले. चिमट्याने उचलले तरी फाटेनात. माणसांवर लावायची परवानगी आली, पहिल्या पेशंटही ठरल्या. इस्त्रीवाल्या मावशी. त्यांचा हात इस्त्रीखाली पोळला होता आणि जखम काही केल्या भरत नव्हती. आता फक्त प्रयोगशाळेला पैसे देणाऱ्या पाहुण्यांसमोर एक तुकडा छापून दाखवायचा राहिला होता.

इथे साहेबांच्या अंगात फोटो संचारला. पिवळ्या काचेमागचं सगळं फोटोत कावीळ झाल्यासारखं दिसतं म्हणाले. काच काढा, आणि याला खिडकीपाशी घ्या. ताईने सांगून पाहिलं की ती काच शोभेची नाही. साहेब म्हणाले, दहा मिनिटांनी काय होतंय. ताईने काच काढली.

खिडकीतून ऊन, वरून फोटोवाल्याचे दिवे. माझं जेल सुईतच गोठलं. मी गुरगुरलो, थरथरलो, जमेल तेवढे इशारे केले. साहेब पाहुण्यांना म्हणाले, बघा, कसा उत्साहात आलाय. मग ताईला म्हणाले, दाब वाढव. तिने वाढवला. सुई निखळली, गोठलेला गोळा बुचासारखा सुटला, आणि मागचं सगळं जेल खालच्या ताटलीवर आपटून चहूकडे उडालं. पाहुण्यांच्या चष्म्यावर, फोटोवाल्याच्या टकलावर, आणि बाकीचं साहेबांच्या उघड्या तोंडात. फोटो मात्र अप्रतिम आला. कुठे लावला नाही अजून.

पाहुण्यांनी चष्मा पुसत विचारलं, हे काय झालं. साहेबांनी ताईकडे पाहिलं. मीही पाहिलं. म्हटलं, आता ही काचेचं सांगणार.

ताई म्हणाली, "मशीन जुनं झालंय, सर."

मित्रांनो, एवढ्या दाबाने माझ्या आत काही फुटलं नव्हतं. तेव्हा फुटलं.

लवकरच नवा प्रिंटर आला. गोरापान, आवाज नाही, आणि तोंडावर लख्ख पारदर्शक काच. साहेबांनीच निवडलेला. मला कोपऱ्यात ढकललं. माझी पिवळी काच काकांनी कप ठेवायला घेतली. त्यांना बिचाऱ्यांना तो ट्रे वाटला. नव्याचं जेल मात्र रोज सुईत गोठायचं. मला आनंद व्हायचा, खोटं कशाला बोलू?

मावशींची तारीख तोंडावर आली तेव्हा एका दुपारी ताई चहाच्या टेबलापाशी गेली. कप बाजूला केले, काच उचलली, ॲप्रनने चहाचे गोल डाग पुसून काढले. मी सरसावून बसलो. ती आली, अगदी माझ्या दिशेने आली, आणि मला वळसा घालून तिने ती काच नव्याच्या तोंडावर लावली. मापात बसेना, तेव्हा चिकटपट्टी मारली.

पहिला तुकडा त्याने काढला. माझ्या काचेमागे.

मावशी आल्या, त्यांनी पिशवी माझ्यावर टेकवली आणि विचारलं, "ही पेटी कसली गं?"

ताई म्हणाली, "काही नाही मावशी. ठेवा पिशवी तिथेच."

तेव्हा मित्रांनो, घरच्या यंत्रांना पुसा, झाकून ठेवा, ते तर कराच. पण त्यांच्याबद्दल कुणी चारचौघांत विचारलं, तर खरं काय ते सांगा. आम्हाला सांगता येत नाही.

मावशींची जखम भरली. आता त्या हात दाखवायला येतात आणि बऱ्या झालेल्या हाताने पिशवी माझ्यावर ठेवतात. चांगली जड असते. मी गुरगुरत नाही. माझी वायरही नव्यालाच लावली आहे.