दलदलीच्या काठी

ट्रॅक्टर उलटून लोर्ना टेशचं कंबरेखालचं अंग लुळं पडलं, तेव्हापासून तिने बंदुकीला हात लावला नव्हता. या नोव्हेंबरात हरणांच्या शिकारीचा हंगाम उघडताना तिच्या धाकट्या भावाने, गॉर्डीने, तिच्यासाठी शेतरस्त्याला लागूनच दबा धरून बसायला खोपटं उभारलं. आत शेगडीसुद्धा ठेवली.

"इथे हरणं येतात का रे?" लोर्नाने विचारलं.

"न का येईनात. तुला ऊब तर मिळेल."

"ऊब घरी काय कमी आहे? मला दलदलीच्या काठी ने. हरणं तिथे उतरतात."

"वेडी झालीस? चाकाची खुर्ची रुतेल."

"खुर्ची नकोच. जमीन गोठलीय. लाकडं ओढायच्या घसरगाडीवर मला बांध आणि वाऱ्याच्या उलट बाजूने ओढत ने, म्हणजे हरणांना आपला वास लागणार नाही. मी सगळं ठरवलंय."

गॉर्डी कुरकुरला, पण दुसऱ्या दिवशी उजाडताना लोर्ना काठावर होती. झाडीतून एक मोठा नर बाहेर आला. तिने नेम धरला, पण गारठलेलं बोट अडखळलं. गोळी बर्चच्या बुंध्यात घुसली आणि हरीण शेपटी उडवत पसार झालं.

"एवढा खटाटोप करून हात हलवत परत!" गॉर्डी म्हणाला.

"गेल्या वर्षी तू काय आणलंस?"

"गेल्या वर्षी नशीबच वाईट होतं," गॉर्डी घसरगाडीचा दोर उचलत म्हणाला.

"तुझा नेम चुकला की नशीब वाईट, माझा चुकला की पाय वाईट! चुकेन तर हरणासमोर चुकेन, शेगडीसमोर नाही. उद्या परत यायचं."

गॉर्डीला हसू आवरेना. त्याने कॉफीचा कप तिच्या हातात दिला आणि विचारलं, "उद्या वारा कुठून असेल?"