वळणावरची शिट्टी

मी एक जुनी पितळी शिट्टी आहे. मित्रांनो, माझ्या पोटात दाणा नाही. माझ्या दोरीचा रंग उडाला आहे आणि तोंडापाशी माझा मुलामा लहान दातांनी खरवडला गेला आहे. ते दात कुणाचे होते, ते सांगेनच. पण आधी एका पत्राविषयी सांगते, कारण ते पत्र नसते तर मी आज तुमच्याशी बोलत नसते.

बदलापूरच्या मांजर्लीत एका शाळकरी मुलीने ते लिहिले. पंख्याने कागद उडू नये म्हणून तिने माझेच वजन त्यावर ठेवले होते. 'आजोबा, शिट्टी माझ्याकडे आहे. आणून देऊ का?' एवढाच त्यातला प्रश्न होता. पत्र अंबरनाथला, बुवापाड्यात, सुदाम आजोबांकडे गेले. आजोबा नगरपालिकेच्या वाचनालयातून निवृत्त झालेले, बुजरे आणि पुस्तकांत रमणारे गृहस्थ. ओळखीच्या माणसाशी बोलतानाही ते आधी मनात वाक्य जुळवून बघत. त्या पत्राचे उत्तर त्यांच्याकडून आले नाही. मुलगी वाट बघत राहिली आणि मीही.

आता माझ्या जन्माकडे वळते. उल्हासनगरच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये मी घडले. यंत्राखाली पितळेचा पत्रा वाकला, सांधा जोडला गेला, वर मुलामा चढला आणि मी दुकानात एका खोक्यात जाऊन पडले. एके दिवशी खाकी वर्दीतला एक उंच माणूस तिथे आला. त्याला खात्याकडून मिळालेली शिट्टी मुकी झाली होती. सिंधी दुकानदाराने त्याच्यापुढे एक चकचकीत शिट्टी धरली.

"ही नको शेठ, हिच्यात दाणा आहे. पावसात भिजला की अडकतो. बिनदाण्याची दाखवा."

मग दुकानदाराने मला काढले. "ये लो साईं, बजाके देखो. मुर्दा उठके खडा न हो जाए, तो मेरा नाम बदल देना!"

"मुर्दे नका उठवू शेठ. जिवंत रिक्षावाले बाजूला झाले तरी खूप आहे," तो माणूस हसून म्हणाला आणि त्याने मला गळ्यात घातले.

तो होता हवालदार राजरत्न, सुदाम आजोबांचा मुलगा.

मित्रांनो, ते माझे सुखाचे दिवस होते. बदलापूरच्या चौकात, विसर्जनाच्या गर्दीत, शाळा सुटताना मी वाजत असे. राजरत्न मला कारण नसताना कधी फुंकत नसे. अपवाद एकच. ड्युटी संपवून घरी येताना बुवापाड्याच्या गल्लीच्या वळणावर तो मला एकदाच, अगदी हळू वाजवी. ती घरातल्यांसाठी खूण होती. ती ऐकली की त्याची पत्नी यशोधरा चहाचे आधण ठेवी आणि आजोबा पुस्तकात खूण घालून चष्मा काढत. शेजारीही म्हणत, "आला रे राजरत्न, दार उघडा." वीज गेलेली असो, पाऊस असो, ती फुंक कधी चुकली नाही.

पुढे तो दिवस आला.

रात्रभर पाऊस कोसळला होता. सकाळी उल्हास नदी मांजर्लीत शिरली आणि दुपारपर्यंत बैठ्या घरांची नुसती छपरे दिसू लागली. राजरत्न आणि त्याचा जोडीदार हवालदार जितेश एका रबरी होडीतून माणसे काढत होते. एका घराच्या माळ्यावरून हाक आली. माळ्याच्या जाळीमागे एक लहान मुलगी आणि तिची आजी कौसाबाई अडकल्या होत्या. मुलीचे आई-वडील कामावर गेलेले होते. पाणी माळ्याच्या फळीला लागत होते.

"नाव काय गं तुझं?" राजरत्नने विचारले.

"किर्ती."

"रतन्या, होडी फुल आहे!" जितेश ओरडला. "आता एक जरी चढला तरी उलटेल. आधी यांना सोडू, मग येऊ. जाळी तोडायला पहार पण नाहीये आपल्याकडे!"

राजरत्नने एक क्षण जाळीकडे पाहिले. मग मला गळ्यातून काढले आणि जाळीतून आत सरकवले.

"किर्ती, हे बघ. परत येताना मला सगळी छपरं सारखीच दिसणार. ही वाजवत राहा. आवाज बंद झाला, तर मला तुझं घर सापडणार नाही. कळलं?"

"किती वेळ वाजवू?"

"मी येईपर्यंत."

होडी गेली. किर्तीने मला तोंडात धरले आणि फुंकू लागली. पावसाचा आवाज मोठा होता, नदीचा त्याहून मोठा. तिचा श्वास लहान होता. मी भिजले होते, पण माझ्यात अडकायला दाणाच नव्हता. माळ्याची फळी हलू लागली. कौसाबाई नातीला कवटाळून बसल्या होत्या. पाणी किर्तीच्या घोट्यापर्यंत आले, मग पोटरीपर्यंत. तिला रडू येत होते, पण रडले की फुंकता येत नाही, म्हणून ती रडत नव्हती. तिचे दात माझ्यात रुतले होते.

आणि तो आला. आवाजाचा माग काढत आला. त्याने पहारीने जाळी उखडली आणि दोघींना होडीत उतरवले.

"माझी कोंबडी ऱ्हायली रं बाबा!" कौसाबाई ओरडल्या.

"आजी, कोंबडी कधीच छपरावर चढली. तुम्हीच मागे राहिलात," तो म्हणाला. वाटेत होडीत घेतलेली भेदरलेली माणसेसुद्धा हसली.

किर्तीने मला पुढे केले. "काका, तुमची शिट्टी."

"राहू दे. आलोच."

शेजारच्या छपरावर एक वृद्ध गृहस्थ पत्र्याला धरून पडले होते. राजरत्न कमरेला दोर बांधून पाण्यात उतरला. दोराचे दुसरे टोक जितेशच्या हातात होते. राजरत्नने वृद्धाला उतरवून होडीकडे लोटले, जितेशने त्यांचा हात पकडला, आणि त्याच क्षणी मागची कुंपणाची भिंत कोसळली. पाण्याचा लोंढा आला. दोर ताणला गेला आणि तुटला.

मित्रांनो, पुढच्या गल्लीत कुणीतरी त्याला विजेच्या खांबाला धरून राहिलेले पाहिले म्हणतात. नंतर तो दिसला नाही.

किर्ती मला फुंकू लागली. आवाज बंद झाला तर सापडणार नाही, असे त्यानेच सांगितले होते ना? होडी काठाला लागली तरी ती फुंकत होती. लोकांनी तिला शाळेच्या वर्गात नेले तरी ती फुंकत होती.

"पुरे गं बाय, ओठ फुटलं तुझं," कौसाबाई म्हणाल्या.

"ते आले नाहीत अजून."

मला त्या दुकानदाराचे बोलणे आठवले. मी जीव तोडून वाजले. पण माझा आवाज मेलेल्याला उठवू शकत नाही, हे मला दुसऱ्या दिवशी कळले. नदीने त्याला पुढे पुलापाशी सोडले होते.

पोलिसांनी त्याला मानवंदना दिली. बंदुकांच्या फैरी झाडल्या गेल्या. किर्ती आजीचा पदर धरून मागे उभी होती. मी तिच्या मुठीत होते. तेव्हा जितेश रडत रडत कुणाला तरी म्हणाला, "शिट्टी गळ्यात असती ना साहेब, तर त्या खांबापाशी ऐकू आला असता तो."

किर्तीने ते ऐकले. तिची मूठ इतकी घट्ट झाली की माझी कडा तिच्या तळहातात रुतली.

त्यानंतर काही वर्षांनी, धीर गोळा करून, तिने ते पत्र लिहिले. उत्तर आले नाही आणि तिने त्याचा अर्थ लावला. आजोबांनाही जितेशसारखेच वाटत असणार. 'शिट्टी मी घेतली, म्हणून ते गेले,' असे ती स्वतःशी म्हणे.

मला आधी भिंतीवरच्या पुराच्या खुणेच्या वर एका खिळ्याला अडकवले गेले, मग बिस्किटांच्या डब्यात ठेवले गेले. माझ्यावर हिरवट कळंक चढला. किर्तीने मला पुन्हा कधी तोंडाला लावले नाही. शाळेच्या क्रीडादिनी शिक्षकांनी तिच्या हाती शिट्टी दिली, तर ती मैदान सोडून निघून गेली. मुलामा उडाल्याचे मला दुःख नव्हते. पण एका मुलीला वाचवणारी मी तिच्याच उरावरचा धोंडा झाले, हे दुःख फार मोठे होते.

यंदा पावसाळ्यात जितेश मांजर्लीला आला. त्याच्या मिशा पांढऱ्या झाल्या होत्या. किर्ती आता परिचारिकेचे शिक्षण घेते. जितेश म्हणाला, "पोलीस ठाण्यात काचेची पेटी करतोय. आपल्या गेलेल्या माणसांच्या वस्तू ठेवायच्यात. शिट्टी देशील का?"

"ती माझी नाही काका. आजोबांची आहे."

"मग त्यांना विचार की."

"विचारलं होतं. उत्तर नाही दिलं त्यांनी. तुम्ही तेव्हा बोललात ना, शिट्टी गळ्यात असती तर... तेच त्यांनाही वाटत असणार."

जितेश तिच्याजवळ सरकला. "बाळा, ते मी कुणाला दोष देत होतो, माहितीये? स्वतःला. दोराचं टोक माझ्या हातात होतं. तू कुठून डोक्यात घेऊन बसलीस ते?" मग तो म्हणाला, "परवा त्याचा स्मृतिदिन आहे. घरी पुण्यानुमोदनाची बुद्धवंदना असते. चल माझ्याबरोबर."

"त्यांनी हाकललं तर?"

"तर दोघं मिळून बाहेर चहा पिऊ."

ती निघाली. जितेशच्या स्कूटरवर मी तिच्या मुठीत होते. बुवापाड्याच्या वळणाशी स्कूटर थांबली तेव्हा ती पुढे येईना. "काका, मी नाही येत. तुम्हीच देऊन टाका," असे म्हणत तिने मला पुढे केले.

तेवढ्यात गल्लीतून एक टेम्पो मागे मागे येऊ लागला. त्याच्या मागे, ओल्या रस्त्यावर, एक रांगते मूल बसून पाण्यात हात आपटत होते. "ए, रोक! रोक!" जितेश ओरडला, पण टेम्पोत मोठ्याने गाणे लागले होते. चाक मागे येत होते.

किर्तीने मला तोंडात घातले आणि फुंकले.

मित्रांनो, इतकी वर्षे डब्यात पडून मला वाटले होते, मी वाजायचे विसरले. पण मी वाजले. टेम्पो जागच्या जागी थांबला. एका बाईने धावत येऊन मूल उचलले. "क्या हुआ, क्या हुआ?" म्हणत ड्रायव्हर उतरला आणि चाकामागे पाहून मटकन खाली बसला.

त्याच वेळी घरात काय झाले, ते यशोधरेने नंतर सांगितले. बुद्धवंदना नुकतीच संपली होती. वळणावरून आवाज आला आणि तिने उठून गॅस पेटवला, पातेल्यात पाणी ओतले. आपण काय करतोय हे तिला नंतर कळले आणि ती तिथेच खाली बसली. आजोबांनी मात्र चष्मा काढला आणि अनवाणी बाहेर आले.

ते वळणापर्यंत आले. किर्तीला पाहून थांबले. त्यांचे ओठ हलले, पण वाक्य जुळेना.

"किर्ती ना तू?"

"जयभीम आजोबा. शिट्टी आणलीय."

त्यांनी मला तळहातावर घेतले. "पत्र मिळालं होतं गं. किती वेळा उत्तर लिहिलं आणि फाडलं. आणून दे लिहिलं, तर पोरीच्या हातातून हिसकावल्यासारखं. ठेव लिहिलं, तर..."

"तर काय आजोबा?"

"तर ती या वळणावर परत कधी वाजणार नाही, असं आपल्याच हातानं लिहून द्यायचं. तेवढा धीर होत नव्हता."

किर्ती रडू लागली. "ती त्यांच्या गळ्यात असती तर..."

"नाही!" आजोबांचा इतका मोठा आवाज त्या गल्लीने कधी ऐकला नव्हता. "तो ती विसरला नव्हता पोरी. त्यानं ती दिली होती. त्यानं दिलेली वस्तू परत मागणारा मी कोण?"

"बाबा, आत या," दारातून यशोधरेने डोळे पुसत हाक मारली. "तिलाही घेऊन या. चहाचा नुसता काढा होतोय."

चहा झाला. काचेच्या पेटीचा विषय निघताच आजोबा म्हणाले, "जितेश, पेटीत त्याची टोपी ठेव. टोपीला वाजायचं नसतं." मग त्यांनी कागद घेतला.

"पोरगी समोर बसलीय, तोंडानं सांगा ना," यशोधरा म्हणाली.

"तिनं टपालानं विचारलं होतं," ते म्हणाले. कागद उडू नये म्हणून त्यांनी मला त्यावर ठेवले आणि एकेक शब्द पुटपुटत लिहिले: 'चि. किर्तीस, उत्तराला उशीर झाला, त्याबद्दल क्षमा कर. शिट्टी तुझ्याकडेच ठेव आणि लागेल तिथे वाजव. दरवर्षी स्मृतिदिनी घरी येताना मात्र वळणावर एकदा हळू फुंक. यशोधरा चहा ठेवेल.'

मित्रांनो, ज्यांनी दुसऱ्यासाठी जीव दिला, त्यांच्या वस्तू पुसून जपा. पण नुसत्या बंद करून ठेवू नका. त्यांनी ज्या कामाला त्या वापरल्या, ते काम चालू ठेवा. आणि कुणी भीत भीत काही विचारले असेल, तर त्याला उत्तर द्या. शब्द चुकले तरी चालतील. गप्प राहिलात, तर समोरचा मनाने भलताच अर्थ लावतो.

संध्याकाळी आम्ही सगळे नाक्यावरच्या टपालपेटीपाशी गेलो. मी किर्तीच्या गळ्यात होते. आजोबांनी पाकीट फटीत घातले आणि पुन्हा बाहेर काढले. "पत्ता बरोबर आहे ना गं? आणि ही पेटी अजून उघडतात का?"

"बरोबर आहे आजोबा," किर्ती म्हणाली. "उघडतात. टाका."

आजोबांनी डोळे मिटले आणि पाकीट सोडले.