जाड आवाजाचा चमत्कार

"ऐकू आलं! त्याला ऐकू आलं!" म्हणत माणसं एकमेकांच्या अंगावर कोसळत होती. आमच्या कारखान्यात पत्र्याची पिंपं ठोकतात. वीस-वीस वर्षं हातोडा चालवून गड्यांचे कान गेलेले, आणि आज खुद्द महाराज शेडमध्ये येऊन त्या कानांत तेल सोडत होते.

"तुमच्या कानांना वैऱ्याने कुलूप घातलंय!" महाराज गरजले.

चाळीस जणांचा एकच वैरी, आणि तोही नेमका ठोकणाऱ्यांवरच टपलेला? ऑफिसातल्या कारकुनाचं त्याला काही वावडं होतं का? पण ही अक्कल मला आज सुचतेय. तेव्हा मी, या शेडचा मुकादम, हात जोडून सगळ्यांत पुढे उभा होतो.

माझ्या थोरल्या भावाची पाळी आली. "मला दुसरं काही नको, महाराज," दादा म्हणाला, "माझी लेक काय बोलते तेवढं कळू दे."

महाराजांनी तेल सोडलं, दादाची हनुवटी धरून तोंड स्वतःकडे वळवलं आणि पोटातून आवाज काढला, "मुलं किती?"

"एकच मुलगी!" दादा ओरडला. शेड दणाणली. दादा रडला, मीही रडलो. डॉक्टरांनी त्याला ठोकण्यावरून काढून पॅकिंगला बसवलं होतं. "उद्यापासून पुन्हा हातोड्यावर!" तो म्हणाला आणि मी मान डोलावली.

तेवढ्यात त्याच्या नऊ वर्षांच्या लेकीने माझी बाही ओढली. "काका, मी बाबांना मागून तीनदा हाक मारली, त्यांनी वळूनही पाहिलं नाही. महाराजांना मागून, बारीक आवाजात बोलायला सांगा ना."

मी विचारलं. महाराज तेलाचे हात पुसू लागले. "शंका घेतली की गुण जातो!"

पोरीने मागून बापाचे डोळे झाकले आणि अगदी कानाशी म्हणाली, "बाबा, ओळखा पाहू."

दादा हसत होता. मग म्हणाला, "कोणी डोळे झाकलेत रे? काहीतरी बोला की!"



डॉक्टरांनी मला हे सगळं आधीच सांगितलं होतं. गोंगाटाने बारीक आवाज आधी जातात, जाड आवाज बरेच दिवस टिकतात. उरलेले शब्द माणूस समोरच्याच्या ओठांवरून ओळखतो. महाराजांची विद्या ती एवढीच. डॉक्टरांनी कानात घालायच्या बोळ्यांचं खोकंही दिलं होतं. मी ते वाटलंच नाही. बोळे घातले की माझे हुकूम ऐकू जात नाहीत, म्हणून! खापर वैऱ्यावर फुटलं तेव्हा मला बरंच वाटलं होतं. लाज वाटते सांगायला.

त्याच दुपारी मी दादासमोर बसून हे सगळं सांगितलं, जाड आवाजात, तोंड उघडून. त्याने माझ्या ओठांकडे बघत सगळं ऐकून घेतलं.

"तुला माहीत होतं?" त्याने विचारलं.

"हो."

तो उठून पॅकिंगला गेला. आज दोन महिने झाले, माझ्याशी बोललेला नाही.

बाबांनो, ठोकणीत गेलेला कान तेलाने परत येत नाही. शाबूत आहे तोवर बोळे घाला, दरवर्षी तपासून घ्या, आणि मुकादम बोळे देत नसेल तर त्याची गचांडी धरा. माझी कुणी धरली नाही.