उजव्या हाताचं काम

पान्याची एक टक म्हणजे हो. दोन टक म्हणजे नाही. गेलं वर्षभर त्या घरात बाप-लेकीचं सगळं बोलणं या दोन शब्दांवर चाललं होतं, आणि खरं सांगायचं तर भांडणंसुद्धा त्यातच व्हायची.

बाप मोटारसायकलींचा मिस्त्री. तीस वर्षं लोकांच्या गाड्या उघडल्या नि जोडल्या. एका सकाळी दात घासता घासता उजवं अंग गेलं, वाचा गेली. उरला डावा हात. लेकीने आधी त्या हातात घंटी दिली. ती त्याने खिडकीतून भिरकावली. मग तिने बारा नंबरचा पाना दिला. तो मात्र राहिला. हव्या त्या वेळी खुर्चीच्या लोखंडी दांडीवर आपटायचा.

लेक म्हणजे चिंगी. वय चौतीस, पण नाव चिकटलं ते चिकटलं.

मग एक रविवार. थोरला भाऊ दारातच उभा, चपला न काढता.

"तुझ्याच्याने निभणार नाही, चिंगे. मी जागा बघितलीय त्यांच्यासाठी. नर्स आहेत, डॉक्टर आहेत, सगळं आहे."

"बाबा कुठेही जाणार नाहीत. मला काम मिळालंय, दादा. घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घ्यायचे, लॅबमध्ये पोचवायचे. सकाळी सहा ते दहा. मग दिवसभर मी घरीच."

"आणि जाणार कशावर? उडत?"

"बाबांची गाडी आहे की."

"ती? वर्षभर गोधडी पांघरून झोपलीय ती!" दादा हसला. मग हसू आवरून म्हणाला, "बरं. पुढच्या रविवारी चारला येतो. गाडी चालवून दाखव. दाखवलीस तर हा विषय मी जन्मात काढणार नाही. नाहीतर..."

बाबा समोरच बसले होते.

पायरी एक. इंजिन गरम करा.

ठरलेल्या रविवारी दुपारी हे फोनवरच्या व्हिडिओतला माणूस सांगत होता. गुळगुळीत दाढीचा, हातमोजे घातलेला. चिंगीने फोन डब्याला टेकवून उभा केला होता. गाडी चौथ्या किकला सुरू झाली, पण आतून खडखड अशी येत होती की जणू कोणी खिळे भाजतंय. तेल डांबरासारखं झालं होतं. ते बदलल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढायची नाही, हे बाबांनी आधीच ठरवलं होतं.

"गॅरेजला नेऊ का?"

टक टक.

"पोपटासारखं नाही नाही काय करता? मी आयुष्यात तेल बदललेलं नाही."

टक टक. त्या गाडीला आजवर परक्याचा हात लागला नव्हता. लेकीचा हात परका नव्हता, एवढाच त्याचा अर्थ. चिंगीला तो कळला, आणि तिला बरंही वाटलं.

पायरी दोन. खाली पसरट भांडं ठेवा.

घमेलं ठेवलं. बाबांनी पान्याने खुणावून ते वीतभर पुढे सरकवून घेतलं. बरोबरच होतं ते. तेल सरळ पडत नाही, उडी मारतं. फोनमधल्या माणसाने हे सांगितलंच नव्हतं. बाबांचं अर्धं तोंड हसलं.

पायरी तीन. खालचा बोल्ट सोडवा.

चिंगी फरशीवर आडवी झाली. बाबांच्या हत्यारांच्या पेटीतला दुसरा पाना बोल्टवर घट्ट बसला.

"कुठल्या बाजूला फिरवू?"

फोनमधला माणूस म्हणाला, घड्याळाच्या उलट. बाबांनी मांडीवर पाना ठेवला, डावं बोट उचललं आणि हवेत फिरवून दाखवलं. घड्याळासारखं.

"हा तर उलटं सांगतोय, बाबा."

टक टक.

"नक्की ना?"

टक.

"बघा हं. एकदा गेलं की गेलं."

टक.

इथे जरा थांबायला हवं, कारण तिथे कोणीच थांबलं नाही. तीस वर्षं तो बोल्ट बाबांच्या उजव्या हाताने सोडवला होता. कसा, ते हाताला ठाऊक होतं; डोक्याला कधी विचारावं लागलं नव्हतं. आता हात मांडीवर मेलेल्या माशासारखा पडलेला, आणि डावा हात आरशातल्यासारखी त्याची नक्कल करत होता. बरोब्बर उलटी. हे चिंगीला पुढे, खूप पुढे, एकदा भाकरी उलटताना कळलं. त्या क्षणी तिच्यासमोर दोन माणसं होती. एकाचे हातमोजे पांढरेशुभ्र होते. दुसरा तिचा बाप होता.

तिने हात लांब करून फोन पालथा घातला.

पायरी तीन. पुन्हा.

बोल्ट हलेना. तिने पान्याच्या दांड्यावर लोखंडी नळी चढवली, दोन्ही पाय भिंतीला लावले आणि ओढलं. ओढलं. बाबा खुर्चीतून पुढे झुकले होते.

कट्ट.

"सुटला! बाबा, सुटला!"

ती हसली. बाबा घशातून काहीतरी बोलले. वर्षभरात आवाज फुटला तो पहिल्यांदा. बोल्ट लोण्यासारखा फिरू लागला. फिरत राहिला. बाहेर मात्र येईना. मग कडेने काळं तेल झिरपलं, तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत ऊन ऊन उतरलं, आणि बोल्ट आपणहून तिच्या तळव्यात पडला. त्याच्या आट्यांत चांदीच्या तारेसारखं काहीतरी गुंडाळलेलं होतं.

"हे काय आहे?"

तिने हात वर केला. बाबांनी बोल्ट घेतला, ती तार नखाने उचकटली, उजेडात धरली. इंजिनातले आटे होते ते. भोकाच्या आतले. आता जगातला कुठलाही बोल्ट तिथे धरणार नव्हता. इंजिन उतरवायचं, लेथवाल्याकडे न्यायचं, आठवडा तरी गेला.

चिंगीने बापाकडे पाहिलं. तो बोल्टच बघत होता.

पायरी चार ते आठ.

यांची गरज पडली नाही.

दादा बरोबर चारला आला. फरशीवरचं तेल बघून दारातच थबकला. या वेळी हसला नाही, आणि तेच वाईट होतं.

"काय केलंस हे?"

"आटे गेले. बाबा नको म्हणत होते, मीच उलटा फिरवला. माझी चूक."

टक टक.

"काय म्हणतायत?" दादाने विचारलं. टकांची भाषा त्याला येत नव्हती.

"पाणी मागतायत," चिंगी म्हणाली आणि उठली. पेला भरून आणला. बाबांनी तोंड फिरवलं.

दादा खुर्चीसमोर उकिडवा बसला. पाना धरलेल्या हातावर हात ठेवला. त्याचा आवाज मऊ होता. तो काही वाईट माणूस नव्हता. "बाबा, मी उद्या सकाळी गाडी घेऊन येतो. तिकडे राहाल ना? चालेल?"

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. त्यांचे डोळे लेकीच्या कोपराकडे होते. तिथलं काळं तेल अजून पुसलेलं नव्हतं.

टक.

"परत पाणी?" दादाने विचारलं.

चिंगी थांबली. अजून दुसरी टक यायची होती. कधीकधी हात दमला की त्यांना मध्ये वेळ लागायचा. गाडीखाली, घमेल्यात, टप्प असा आवाज झाला.

तो थेंब होता. तिने तो दुसरी टक म्हणून मोजावा की न मोजावा, याचा विचार केला. खरोखरच केला.

"नाही," ती म्हणाली, "पाणी नाही. हो म्हणतायत."

बाबांनी पाना तिच्यापुढे धरला. तिने तो घेतला, पुसला आणि त्यांच्या पेटीत, त्याच्या खाचेत ठेवला.