दादाच्या शेवटच्या बाटल्या

माझा थोरला भाऊ, दादा, उड्या मारणारे कोळी गोळा करायचा. म्हणायचा, हा कोळी मान वळवून माणसाकडे बघतो, आपले साहेब तेवढंही करत नाहीत. तो वारला आणि त्यानं गोळा केलेल्या कोळ्यांच्या शेवटच्या बाटल्या वहिनीच्या टेबलावर आल्या. कोळी ओळखण्यात ती दादाच्याही वरचढ. दोघं प्राण्यांचे नमुने जपणाऱ्या एकाच संस्थेत. मीही तिथंच, कोळी कुजू नयेत म्हणून बाटल्यांत भरतात ते स्पिरिट बदलायला.

गेल्या आठवड्यात ती भिंगावरून डोळा काढेना. कपाळावर पांढरी पट्टी, पाठीवर दोन ठिपके. असला कोळी समुद्रकाठचा, डोंगरात कुणी कधी बघितलेला नाही. आणि बाटलीतली चिठ्ठी म्हणते, सापडला डोंगरात. अक्षर दादाचं. वहिनीनं होती नव्हती ती पुस्तकं पालथी घातली आणि छापायला पाठवायचं टिपण लिहायला घेतलं. डोंगरातली पहिली नोंद, शोधणारा दादा. त्या दिवशी आमची आई कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली, असं पुतणी सांगत होती.

ती बाटली मात्र माझ्या हातून गेलेली. चिठ्ठी बाटलीच्या आत, स्पिरिटमध्येच असते. म्हणून एका वेळी एकच बाटली उघडायची. मागच्या महिन्यात ती आणि आणखी एक, अशा दोन बाटल्यांची बुचं गळायला लागली, मी शहाण्यानं दोन्ही एकदम उघडल्या, चिठ्ठ्या टिपकागदावर ठेवल्या. तेवढ्यात साहेबांची हाक आली. परत येऊन घातल्या आपल्या, कुठली कशातली ते न बघता. एकीवर डोंगर, दुसरीवर समुद्रकाठ.

तीन दिवस तोंड शिवून बसलो. चौथ्या दिवशी टिपण जायचं होतं. सकाळीच जाऊन सांगून टाकलं.

वहिनीनं पेन खाली ठेवलं. म्हणाली, "अदलाबदल झालीच, नक्की?"

"नक्की नाही. झाली असेल, नसेलही."

तिनं दुसरी बाटली भिंगाखाली धरली. त्यातला कोळी घरोघरी भिंतीवर दिसतो तो, डोंगरातही असतो आणि काठालाही. त्याच्यावरून काय कळणार?

मी म्हटलं, कुणाला पत्ता लागायचा नाही. म्हटलं आणि जीभ चावली.

"भाऊजी, चूक निघाली तर त्यांच्या नावावर निघेल. उत्तर द्यायला ते आहेत का?"

दोन्ही चिठ्ठ्यांवर तिनं पेन्सिलीनं लिहिलं, ठिकाण नक्की नाही. मग टिपण पुढ्यात ओढलं. सगळा मजकूर एका फराट्यात खोडला. दादाच्या नावापाशी हात थांबला. मी उठायला लागलो तर म्हणाली, बसा.

मग तिनं एकेक अक्षर खोडलं.