दीड किलोचा जीव

"बा, घागर ठेवा खाली! पाणी घालू नका तिच्या अंगावर!" मोटारसायकलवरून उतरता उतरताच निरूबेन नर्स ओरडली.

जिला सगळे 'बा', म्हणजे आई, म्हणायचे त्या धुडीमानं मान वर केली नाही. तिच्या पसरलेल्या पायांवर पहाटे जन्मलेली नात उताणी पडली होती, सोललेल्या चिमणीएवढी. "न्हाऊ नको घालू, तर काय मिठात घोळू? तुझ्या जल्माआधीपास्नं पोरं न्हाऊ घालतीया मी."

निरूबेननं पोर उचलली, कोरडी केली, आधी तळपायाला आणि मग पोटाला उलटा हात लावला. दोन्ही गार. मिठाच्या रणातला पौषाचा वारा गोणपाटाच्या भिंतीतून आरपार जात होता. तिला झोळीत घालून वजनकाट्याला टांगलं, काटा दीड किलोवर थांबला. कोपऱ्यात धुडीमाची बाळंतीण सून मंगू तापानं फणफणली होती. हाक मारली तर नुसती हूं म्हणायची.

मंगूचा नवरा वेलशी फोन कानाला लावून दारात उभा होता. "दवाखान्याचा गाडीवाला म्हणतो, अवकाळीनं समदा चिखल झालाय. सडकंपत्तुर ट्रॅक्टरनं आणा. ट्रॅक्टर सांजच्याला यील."

"तोवर ही टिकायला हवी," निरूबेन म्हणाली. "एवढ्याशा अंगात चरबी नसते, बा. गार पडली की दूध ओढायचं बळ राहत नाही. वेलशीभाई, बाहेर व्हा. बा, तुम्ही चोळी काढा."

"काय?"

"मंगूला उठून धरवत नाही. पोरीला तुमच्या उघड्या छातीवर बांधायचं."

"साठी उलटल्यावर मला दाई करतीस व्हय? हितं काय ऱ्हायलंय, नुसती हाडं!"

"दूध मंगूचं काढते मी. तुमची ऊब पाहिजे."

पुटपुटत, शिव्या देत धुडीमानं चोळी काढली. निरूबेननं पोर बेडकासारखी तिच्या छातीवर पालथी ठेवली, तोंड एका अंगाला वळवलं, डोक्याला टोपरं घातलं आणि वरून ओढणी घट्ट गुंडाळली. मग मंगूचं दूध वाटीत पिळून चमच्यानं थेंब थेंब पोरीच्या ओठांत सोडायला लागली. पहिले थेंब गालावरून ओघळून गेले. तिनं परत सोडले. तासाभरानं परत. बाहेर मिठाच्या वाफ्यात वेलशी मीठ ओढायचं दाताळं फिरवायचा, दोन फेऱ्या झाल्या की ओरडायचा, "हाय का?"

"हाय, हाय! तू मीठ वढ!" म्हातारी आतून खेकसायची.

दुपार कलली तेव्हा ओढणीखाली काहीतरी वळवळलं. पोरगी तोंड उघडून छातीवर काहीतरी हुडकत होती. निरूबेननं आत हात घातला. पोट कोमट लागलं. पाय अजून पुरते तापले नव्हते. "वाचली असं म्हणत नाही मी. पण तग धरलाय तिनं."

धुडीमानं ओढणी आणखी घट्ट धरली. तिनं विचारलं, "बारकी पोरं समदी अशीच ठिवायची?"

"हो बा."

"आन न्हाऊ घातलं तर?"

"गार पडतात. मग पीत नाहीत, मग..."

"माझी सोमी एवढीच व्हती. तिच्या पाठचा पोरगा बी. आन जुळ्यातला एक. न्हाऊ घालायची, गुळाचं पानी चाटवायची, झोळीत निजवायची आन मिठावर जायची. येऊन बघावं, तर निळी. माता घिऊन गेली म्हणायचो." तिनं हनुवटीनं पाण्याच्या टाकीपलीकडं दाखवलं. "तिगंबी तिथंच हायती."

निरूबेनला वाटी कुठं ठेवावी कळेना. "तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, बा."

सांजेला चिखलातून ट्रॅक्टर आला. वेलशीनं मंगूला उचलून ट्रॉलीत निजवलं आणि पोरीसाठी हात पुढं केले. धुडीमानं त्याला कोपरानं बाजूला सारलं, पोरीसकट स्वतःच वर चढली आणि वाऱ्याकडं पाठ करून बसली.

"कुनी न्हाई सांगितलं," ती निरूबेनला म्हणाली. "पर छाती तवाबी व्हती की गं माझ्याकडं."