सागाची चौकट आणि चैतूचा रंग

मित्रांनो, मला आरसा समजून माझ्यासमोर भांग पाडायला येऊ नका. ती चूक बऱ्याच जणांनी केली आहे. मी एक जुनी छपाईची चौकट आहे, अस्सल आलापल्लीच्या सागाची. पुढे जाड काच, मागे उघडणारी फळी आणि फळी दाबून धरायला पितळी पट्ट्या. काचेला लागून निगेटिव्ह, तिच्या पाठीशी फोटोचा कागद. दोघांना घट्ट धरायचे आणि वरचा उजेड मधून जाऊ द्यायचा, एवढेच माझे काम.

झिंगू सुताराने मला घडवले ते राजदीपभाऊंच्या स्टुडिओसाठी. त्या काळी आमचा केवढा बोलबाला! सोयरिकीसाठी मुलीचा फोटो काढायचा तर लोक लांबलांबून भाऊंकडेच यायचे. कारण सांगते. निगेटिव्हमध्ये सगळे उलटे असते, काळे ते पांढरे आणि पांढरे ते काळे. भाऊ निगेटिव्हवरच्या चेहऱ्यावर शिसपेन्सिल अशी नाजूक फिरवायचे की फोटोत माणूस उजळून निघायचा. लोक खूश, भाऊ खूश, आणि त्या कौतुकात मीही फुगून जायची.

मग मोबाइल आले. रंगीत फोटो चुटकीसरशी मिळू लागले आणि मला कुणी विचारेना. अंधारखोलीत पोती साठली. उन्हाळ्यात घरातल्यांनी मला अंगणात आडवे टाकून माझ्या काचेवर चारोळी वाळवली. गरज सरो वैद्य मरो म्हणतात, ते मी भोगले आहे.

भाऊंची मुलगी संघप्रिया नागपूरहून फोटोग्राफी शिकून आली आणि तिने मला शोधून काढले. काच पुसली, लाकडाला तेल लावले, पोती बाहेर काढली. तिची रीत मात्र नवी होती. मोबाइलमधला फोटो ती संगणकावर उलटा करायची, काळ्याचा पांढरा, आणि साध्या शाईच्या प्रिंटरवर पारदर्शक फिल्मवर छापायची. हीच तिची निगेटिव्ह. शाईची निगेटिव्ह? मी मनातल्या मनात नाक मुरडले. पहिलीच निगेटिव्ह दमट हवेत वाळली नव्हती, ती कागदालाच चिकटून बसली. संघप्रियाने दोन्ही सोलून फेकले आणि दुसरी छापायला घेतली. पोरगी हटायची नाही, हे मला तेव्हाच कळले.

एके दिवशी बायनाबाई आली. कडेवर छोटी नात, हातात एक रंगीत तसबीर. तिचा नवरा चैतू लाकूड डेपोत राबायचा, तो आदल्या वर्षी वारला होता. त्याचा एकच फोटो, तोही पुतण्याच्या मोबाइलमध्ये. बाजारातल्या कुणीतरी त्यावरून ही तसबीर करून दिली होती. त्यात चैतूला कोट चिकटवलेला आणि चेहरा पिठासारखा पांढरा.

"हा कोनाचा मानूस होय, मले मालूम नाई," बायनाबाई म्हणाली. "पन नात यालेच आजा समजून राह्यली. माह्या सासूचा तुह्या बाबानं छापलेला काळा-पांढरा फोटो अजून भितीवर हाय, धुरानं बी बिघडला नाई. तसा करून दे."

संघप्रियाने पुतण्याकडून फोटो मागवला, कोट नव्हताच त्यात. निगेटिव्ह करण्याआधी तिने चेहरा जरासा उजळला. तिला कुणी सांगितले नव्हते, घरची सवयच ती. फोटो सुरेख उतरला असे आम्हा सगळ्यांना वाटले. बायनाबाईने तो पाहिला आणि शांतपणे परत ठेवला.

"तुनं कोट तेवढा काढला, पोरी. मानूस तोच पांढरा ठेवला."

संघप्रिया गोरीमोरी झाली. मलाही लाज वाटली. इतकी वर्षे ज्या कामाची शाबासकी घेतली, ते काम काय होते हे मला त्या दिवशी समजले.

पुढच्या वेळी तिने काही उजळले नाही. कुठे किती शाई पडावी याचे तयार माप इंटरनेटवरून घेऊन निगेटिव्ह छापली, आणि रसायनाच्या ट्रेमध्ये चैतूच्या जागी माजरीच्या खाणीतला कोळसा उतरला. डोळे नाहीत, गाल नाहीत. ज्यांनी ते माप बसवले, त्यांच्यासमोर चैतूसारखा काळा चेहरा कधी आलाच नसावा.

"थोडा उजळून दे न," राजदीपभाऊ म्हणाले. "लोकाईले तसंच आवडते."

"लोकाईले नाई द्याचा, बाबा. बायनाबाईले द्याचा हाय."

मग तिने कंबर कसली. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत पट्ट्यांची एक निगेटिव्ह छापली आणि आपला कागद, आपल्या नळाचे पाणी, आपले रसायन यांत कुठली पट्टी कुठल्या पट्टीत बुडते ते पाहिले. फोटोत काळ्या उतरणाऱ्या भागावर निगेटिव्हमध्ये शाई किंचित वाढवली, पुन्हा छापले, पुन्हा फेकले. बाहेर धानाची कापणी सुरू झाली तरी हिचे चालूच. माझ्या पितळी पट्ट्या उघडून मिटून सैल पडल्या, तर तिने त्या कसून घेतल्या. एक दिवस भाऊ आत आले आणि लाल दिव्याखाली ट्रे हलवू लागले. त्यांनी पेन्सिल आणली नव्हती.

आणि चैतू उतरला. आधी भुवया, मग कपाळावरची शीर, मग गालावरचे पांढरे खुंट. काळा होता, पण त्या काळ्यात ऊनही दिसत होते आणि घामही. मित्रांनो, मी शेकडो चेहरे छातीशी धरले, पण एवढा जिवंत एकही नव्हता.

बायनाबाई आली. संघप्रियाने फोटो तिच्या हातात दिला आणि स्वतः भिंतीकडे बघत उभी राहिली. बायनाबाईने फोटो उजेडाकडे धरला. तिचा हात आपोआप मागे गेला आणि तिने डोक्यावर पदर ओढला, जसा ती चैतू घरी आला की ओढत असेल. मग तिने कडेवरच्या नातीला खाली उतरवले.

"पाया पड, माय. हा होय तुहा आजा."

मित्रांनो, तुमच्याही मोबाइलमध्ये तुमची माणसे असतील. त्यांतल्या एखाद्याला तरी कागदावर उतरवा, आणि उतरवताना त्याला उजळू नका. तो जसा आहे तसाच त्याच्या घरच्यांना हवा असतो.